‘हे’ या शब्दापुरता नवरा

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा फोटोंना चौकटी करण्याचा, शिक्षण कायद्याचे पण अर्धेच, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. दबाव आहे तो फक्त कंपनीचा. उद्या मी मालवाहू बोटीवर सुतार म्हणून दोन वर्षांसाठी जात आहे, आणि आपल्यामागे कोणाला काय द्यायचे ते लिहून दिल्याशिवाय कंपनी बोटीवर चढू देत नाही. मला कसलाही आजार नाही. डोके तापट आहे, पण ठिकाणावर आहे, याची खात्री वकीलकाकांनी करून घेतली आहे. वकीलकाका म्हणजे वडिलांचे मित्र. ते समोर बसून दर दोन ओळींनी मला "भाषा सांभाळ" असे बजावत आहेत.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. बक्षीसपत्र मात्र केले होते, आणि जे काही झाले ते त्यातूनच झाले.

कलम पहिले : घर. तळमजल्यावर दुकान आणि वर दोन खोल्या, एवढे घर वडिलांनी माझ्या नावावर केले. त्यातला अर्धा हिस्सा मी गेल्या वर्षी बक्षीसपत्राने तिला दिला. ती म्हणजे समोरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी, दोन वर्षे माझ्याबरोबर आणि आईबरोबर वरच्या खोल्यांत राहिलेली. तिच्या वाढदिवसाला मी कागद पुढे केला. "लोक फुलं आणतात रे," असे म्हणून हसली आणि तिने सही केली.

पुढे करखात्याची नोटीस आली, तीही तिच्या नावाने. नवऱ्याने बायकोला घर दिले तर कर नाही, परक्याने दिले तर घेणाऱ्याने कर भरायचा, असा कायदा. आमचे लग्न झालेले नव्हते. म्हणजे मी परका. हा शब्द वाचून मी हातातली काच भिंतीवर आपटली. आई वरून म्हणाली, "फोड, सगळ्या फोड. मग हवेला चौकटी कर."

वकीलकाकांचे म्हणणे होते की हप्ते बांधून घेऊ, कर भरू, विषय मिटवू. मी ऐकले नाही. बचाव मी स्वतः तयार केला. खात्याचा निरीक्षक चौकशीला आला तेव्हा तिने दार उघडून म्हटले होते, "हे बाहेर गेलेत, संध्याकाळी या." हे वाक्य त्याच्याच अहवालात होते. मी न्यायाधिकरणापुढे उभा राहून म्हणालो की ही बाई घरात मला तू म्हणते, चिडली की गाढव म्हणते, पण परका माणूस दारात आला की ‘हे’ म्हणते. आपल्या भाषेत बाई नाव न घेता नुसते ‘हे’ कोणाला म्हणते? भावाला नाही, भाडेकरूला नाही. तेव्हा खात्याच्या कागदावरच आमचे लग्न सिद्ध झाले आहे.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, ‘सर्वनामाने लागले लग्न!’ लोक दुकानात डोकावून विचारू लागले, "हे आहेत का, हे?" मला ते आवडत होते, खोटे कशाला सांगू. तिलाही समोर गिऱ्हाइके छेडत आणि ती मान खाली घालून काचा पुसत राही. मला वाटे, लाजते आहे.

मग खात्याच्या वकीलबाईंनी तिला साक्षीला बोलावले.

"‘हे’ म्हणजे कोण?"

"हे म्हणजे... हे." मागे हशा पिकला.

"यांच्याशी तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"करायचं ठरलं होतं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. घर देताना नाही, आणि इथे बायको म्हणताना पण नाही."

मी ओरडलो, "अगं, मग हे सगळं चाललंय कुणासाठी?" मला बाहेर काढण्यात आले. निकाल मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकला. कर, व्याज आणि न्यायाधिकरणाची थट्टा केल्याबद्दल दंड, सगळे तिच्या नावावर. त्याच आठवड्यात ती चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंकडे राहायला गेली. जाताना तिने विचारले, "माझा राग आलाय का?" राग नक्की कोणाचा आला होता, हे माझे अजून ठरलेले नाही.

कलम दुसरे : जे काही आहे ते. तिचा कर आणि दंड मी भरतो, असे मी वकीलकाकांना सांगितले. ते म्हणाले, "तिचे पैसे तू भरलेस की तेही बक्षीसच. त्यावर तिला पुन्हा नोटीस."

"मग तिला द्यायचं तरी कसं?"

"मृत्युपत्राने. मेलेल्या माणसाने दिलेल्यावर कर नाही."

म्हणजे कायद्याच्या हिशेबाने मी तिला मेल्यावरच परवडतो. इथे राहिलो तर दिवसभर रस्त्यापलीकडे ती दिसते आणि मला तिच्यासाठी काहीही करता येत नाही, म्हणून बोट. तरी माझ्या घराचा उरलेला अर्धा हिस्सा, बँकेतली शिल्लक आणि मी बोटीवर मेलो तर कंपनी देईल ती भरपाई, हे सर्व मी तिला देतो. आईने वरच्या खोल्यांत हयातभर राहावे. त्यावर भांडण होणार नाही. त्या दोघींचे माझ्यापेक्षा बरे जमते.

कलम तिसरे : किरकोळ. काच कापायचा हिरा, करवती आणि कोपरे जुळवायचा साचा थोरल्या बहिणीला. तिचा हात माझ्याहून सरळ आहे, वडिलांनी शिकवले मात्र मला. कायद्याची पुस्तके रद्दीत. ज्या प्राध्यापकांशी हजेरीवरून भांडून मी कॉलेज सोडले, त्यांनी ‘बचाव कल्पक, पण अर्धवट’ असे वर्तमानपत्रात मत दिले. त्यांना माझ्याकडून काही नाही. बातमीदाराने आपली ती बातमी माझ्याच दुकानात चौकटीला टाकली आहे. पूर्ण पैसे घेतल्याशिवाय त्याला देऊ नये.

कलम चौथे : अंमलबजावणी. ती वकीलकाकांनी करावी. अट एकच. कलम दुसऱ्याप्रमाणे काहीही देण्याआधी तिला विचारावे. नाही म्हणाली तर हट्ट धरू नये, कारण मागू नये. तिचे सगळे मग आईला द्यावे.

इथपर्यंत वाचून वकीलकाका म्हणाले, "ती रस्त्यापलीकडे बसलीय आणि मी तू मरायची वाट बघू? आत्ता विचारू." त्यांनी दारातून हाक मारली. पुढे जे झाले तेही त्यांच्या सांगण्यावरून इथे नोंदवत आहे.

ती कामाच्या कोटातच आली. उभ्या उभ्या सगळे वाचले. मग विचारले, "काका, साक्षीदार कोण?"

"एक मी. दुसरा शेजारचा शिंपी येतोय."

"साक्षीदाराला यातलं काही मिळतं का?"

"नाही. साक्षीदाराला दिलेलं कायद्याने रद्द होतं."

"मग पेन द्या."

"पोरी, सगळं जाईल हं हातचं."

"कळलं, काका."

जे विचारायचे राहून गेले होते ते विचारायला मी तोंड उघडले. ती म्हणाली, "आज नको. उद्या जाणाऱ्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही."

मी विचारले नाही.

ठिकाण : दुकानाची मागची खोली.
तारीख : बोट सुटण्याच्या आदला दिवस.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार पहिले : (सही) वकील, लिहून देणाऱ्याच्या वडिलांचे मित्र.

साक्षीदार दुसरी, स्वतःच्या अक्षरात : लिहून देणाऱ्यांना मी चांगली ओळखते. त्यांनी माझ्यासमोर सही केली. सही करताना ते रडत होते, पण शुद्धीत होते. (सही)