चाँद कुठल्या बाजूला

२० शाबान
सांगते मी, लिहिते सून. मला अक्षर येत नाही, शबानाला गप्प बसवत नाही. जोडी जमली.
नात सनाला शाळेत बोलायचंय, इटलीच्या लोकांनी ग्रह कसे पाहिले त्यावर. एकाने म्हणे नळी लावून गुरूभोवती चार चंद्र पाहिले. चार! इथे आम्ही एकासाठी गच्चीवर मान मोडतो. तिथे ईद कितीदा गं? सना इंग्रजीत हसली.

२९ शाबान
सूर्य बुडाला, मगरिबला सगळे गच्चीवर. दरवर्षी रमजानचा चाँद मीच आधी दाखवते. दाखवला, "तो बघा!" मग सना हळूच, "दादी, दॅट्स अ क्रेन."
चाँद बघितला की लगेच जिवाच्या माणसाचं तोंड बघायचं, ही माझी रीत. आधी ह्यांचं बघायची. हे गेले, तेव्हापासून सनाचं. आज क्रेन बघून बघितलं.

५ रमजान
लेक इरफानने डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डावा डोळा खलास. उजव्यात मधलं तेवढं उरलंय, नळीतून बघावं तसं. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकेल का, तर थेंब घाला, इंशाल्ला.
येताना लेक गाडीत रेडिओ मोठा करून रडला. कान शाबूत आहेत माझे, विसरला.

१७ रमजान
सनाचा दुसरा इटलीवाला. मंगळावर रेघा पाहिल्या, नकाशे काढले. रेघा नव्हत्याच. मी म्हटलं, खोटारडा मेला!
"नो दादी, त्याला खरंच दिसत होत्या."
मग मी थेंबांची बाटली मागितली.
चार चंद्रवाल्याचे शेवटी डोळे गेले. हे सनाने गाळलं, शबानाने सांगितलं. पोरगी लपवायला शिकली. माझ्यासाठी.

२९ रमजान
आज दिसला तर उद्या ईद. शेवया भाजून ठेवल्यात.
सनाचा तिसरा: ह्याने छोटासा ग्रह शोधला, आजारी पडला, तोवर ग्रह सूर्याआड. हरवला. दुसऱ्यांनी गणित मांडून सांगितलं, इथे बघा. सापडला.
म्हणून सनाने मोबाइलवर चाँदची जागा काढलीय. माझी हनुवटी धरून तोंड तिकडे फिरवणार. मग झटकन स्वतः माझ्या नळीसमोर उभी राहणार.
इरफान म्हणतो, "अम्मी, आज धूळ आहे. नाही दिसला तर?"
सनाला सांगून ठेवलंय, चाँद चुकला तरी तू चुकू नकोस. पुढच्या वर्षी नळी केवढी उरेल...
हे लिहू नको गं.
पेन ठेव, शबाना. खजूर घे. रोजा वरच सोडू.