बाईंकडची हजेरी

बाई, बालन्यायालयानं मला तुमच्याकडे पाठवलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. त्र्याण्णव साल. धरमतरला जेट्टीला लागलेल्या बार्जमधलं डिझेल गावातले दोघे काढत होते आणि मी वर उभा राहून कुणी येतंय का बघत होतो. वॉचमन आला, मी शिटी वाजवली. त्यांनी त्याला जेट्टीवरून खाली ढकललं. त्याचा पाय मोडला. वर्षभर शाळा सुटली की तुमच्या देखरेखीखाली बसायचं, असा हुकूम झाला. निवृत्त मास्तरीण, म्हणजे उपदेश करणार, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही पोळपाट पुढे सरकवलात. "हात धू. पोह्यांचे पापड लाटायचेत." माझे पापड फाटायचे. "घाई कसली एवढी? कोण मागं लागलंय?" असं तुम्ही ओरडायचात.

मागं लागलेच होते ते. जामिनावर सुटलेले दोघे मला पेणच्या स्टँडवर गाठायचे. एक जण खांद्यावर हात टाकायचा. लांबून बघणाऱ्याला मामा-भाचेच वाटावेत. "कोर्टात तोंड उघडलंस तर तुज्या बापाला मिठागरातच गाडू." बाप मिठागरावर एकटाच कामाला जायचा. तो घरी येईपर्यंत मी दारातच उभा असायचो.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "बाई, मी सांगनार, मी कायच बघितला नाय." तुम्ही दाराला कडी लावलीत. वाटलं, आता मार बसणार. अजून दिसतंय मला, तुम्ही खाली बसताय, पदराला हात पुसताय. "ते परवा इथंपण येऊन गेले. मलाही भीती वाटते रे. साक्ष दे म्हणून मी तुला सांगणार नाय. पण त्या वॉचमनला एकदा बघून येऊ." तो कुबडी घेऊन दारापर्यंत आला. त्यानं मला ओळखलं नाही. तुमचा विद्यार्थी समजून त्याच्या बायकोनं मला चहा दिला. माझ्याच्यानं तो प्यायला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, शिटीसकट. कोर्टातले साहेब दोनदा म्हणाले, मोठ्यानं बोल. बाहेर त्या दोघांची माणसं उभी. तुम्ही माझं मनगट धरून त्यांच्यामधून चालत सुटलात, चप्पल तुटली तरी थांबला नाहीत. दोघांना शिक्षा झाली. आम्ही गाव सोडून रोह्याला आत्याकडे आलो. बापानं मिठागर सोडलं, पण मला कधी बोल लावला नाही.

आता माझ्याकडेही कोर्टानं पाठवलेली एक मुलगी येते. परवा तिला तुमच्याबद्दल सांगत होतो. तिनं विचारलं, "शेवटी भेटलात का त्यांना?" मी विषय बदलला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहवतंय. तुम्ही गेल्याचा निरोप आला तसा मी एसटीत बसलो. त्या दोघांतला एक तोवर वारला होता, दुसरा गाव सोडून गेला होता. तुमच्याकडे यायला पेणला उतरायचं होतं. गाडी थांबली, स्टँडवर ओळखीचं कुणी नव्हतं. तरी मी उतरलो नाही. तसाच पनवेलपर्यंत गेलो आणि परतलो. सगळ्यांना सांगितलं, कंपनीत शिफ्ट होती. बाई, त्या दिवशी माझी सुट्टी होती.