सातव्या ओळीतला अडथळा

निफाड, मंगळवार, दिवेलागण

आज बावळटपणा केला. इथेच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार?

छाटणीनंतर रोज संध्याकाळी मी द्राक्षबागेत पानं उलटून डावणीचा रोग आलाय का बघायचे. मग नाशिकहून, गंगापूर रोडच्या घरून लेकाचा, सचिनचा फोन यायचा. "आई, बागेत काय?" डावणीवरून माझ्या गुडघ्यावर, तिथून नातीच्या दातांवर. अर्धा तास सहज जायचा.

दसऱ्याला लेकाने रोबोट आणला. मीच त्याला झेंडूचा हार घातला! आता तो ओळीओळीतून फिरतो, पानांचे फोटो थेट सचिनच्या मोबाइलवर. "तुला चिखलात जायला नको, आई." काळजीनेच आणला, कळतं मला. पण फोन? बारा दिवस नाही. विचारायला उरलंच काय?

आज सातव्या ओळीत त्याच्यापुढे उभी राहिले. कॅमेरे दोन्ही बाजूंच्या पानांकडे. समोर काही अडलंय, एवढंच त्याला कळतं. तो थांबला. मी हललेच नाही.

फोन वाजला. "आई, सातव्या ओळीत काहीतरी आडवं आलंय. बघतेस जरा?"

लय बोलायचं होतं. गुडघा, नातीचे दात... पण तोंडातून निघालं, "बघते." आणि बाजूला झाले.

"हां, चालू झाला. ठेवतो गं, मीटिंग आहे."

सातवी ओळ फारच जवळ, घराला लागूनच. चुकलंच माझं. उद्या पार विहिरीकडच्या शेवटच्या ओळीत उभी राहीन. फोन आला की म्हणेन, घरून निघाले; तिथवर 'चालत जाईपर्यंत' तरी सचिनला फोन ठेवता येणार नाही.