त्रीनचा चीक

वॉमेल्स, मंगळवार, १२ मार्च

निंके बाळा,

सगळ्यात आधी आल्या त्या गुरांच्या डॉक्टर हुकस्ट्राबाई, आणि त्यांच्यामागून दूधसंघाचा तो उंच माणूस, दरवेळी आपल्या दारात डोकं आपटणारा. मी कॉफी दिली. बाईंनी दुसरं बिस्किट न विचारता घेतलं, तेव्हाच मला कळलं की बातमी काही बरी नाही. तुम्ही दोघी बऱ्या असालच. फेम्केचा चार दातांचा फोटो मी दोघांनाही दाखवला. संघाचा माणूस म्हणाला, "बेपे आजी, नात तुमच्यावर गेलीय." मी खूश. फोटो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलाय, येता-जाता दिसतो.

मांजरीला पिल्लं झाली, पाच. आजारी गायीही पाचच निघाल्या तपासणीत. तू माहेरून आणलेल्या यांके गायीच्या तिन्ही मुली आणि दोन आपल्या त्रीनच्या. खातात पोटभर, आणि सगळं पातळ होऊन मागून जातं. तीस लिटर देणारी बारावर आलीय. यावर औषध नाही, कत्तलखान्यालाच पाठवायच्या, असं बाई म्हणाल्या. वीबेने कागदावर सही केली. मला रडू आलं नाही. मी कप विसळले.

मग बाई वीबेला म्हणाल्या, "यांकेला स्वतःला काही नाही. दोनदा तपासली. मग तिच्या मुलींना कुठून लागलं?"

"बायकोच्या माहेरून आलंय, अजून कुठून." तुम्ही दोघं ज्यावरून भांडलात आणि तू निघून गेलीस, तेच तो अजून धरून बसलाय.

"अहो, हे लागतं जन्मल्याबरोबर. दिसतं चार-पाच वर्षांनी. त्यांना चीक कोणाचा पाजला?"

"ज्याच्या त्याच्या आईचा. वासरांचं आमची आई बघते."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "केक घ्या ना."

निंके, यांकेचा चीक पातळ यायचा. त्रीनचा पिवळाधमक, चमचा उभा राहील असा. माझ्या आईच्या गायीचं ते घराणं, प्रत्येकीला तेच नाव आणि पुढे नंबर. मला त्याची घमेंड. यांकेचा चीक मी मांजरीला ओतायची आणि त्रीनचा बाटल्या भरून फ्रीजरमध्ये ठेवायची. त्या पाचही जणींना जन्मल्यावर मी तोच पाजला. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. पुढे त्रीन वाळत गेली तेव्हा मीच म्हातारपण म्हटलं, आणि न तपासता पाठवली.

तुझ्या माहेरून काही आलं नव्हतं. ते माझ्या हातून गेलं.

वीबेला अजून सांगितलेलं नाही. आता जेवायला येईल तेव्हा सांगणार. तोंड उघडेना तर असू दे म्हणून शेवटची बाटली त्याच्या ताटाशी काढून ठेवलीय, वर माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात त्रीन लिहिलंय. तो बघेल. मग परत फ्रीजरमध्ये टाकेन, बाईंना तपासायला द्यायचीय.

ये म्हणायला मला तोंड नाही. फेम्केचे लाल बूट दाराशी होते तिथेच आहेत.

पाचही जणींना ट्रकपर्यंत मीच नेणार. माझ्या हाकेला येतात अजून. गुरुवारी सकाळी सातला ट्रक येईल, असं सांगून गेलेत.

फेम्केची बेपे,
तुझी कोण ते तू ठरव