रिकाम्या सतरंजीपुढे पोथी

गुरुजी,

तुमच्या लाडक्या शिष्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. माझं रेशमी उपरणं त्याने आठ दिवसांनी परत केलं, तेही कपड्यांच्या साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून. आता ते पापडासारखं वाजतं. शिवाय त्याने ते भर पूजेत, मांडलेल्या कलशात बुचकळलं होतं. विसर्जन व्हायचं होतं. वरुणदेव अजून आत होते.

पाळी गावाच्या अलीकडे एक रंगाचा कारखाना आहे. तिथली वर्षाची सत्यनारायणाची पूजा आम्हा दोघांकडे असते. तो पूजा सांगतो, मी पोथी वाचतो. उच्चार अजून माझेच बरे. मॅनेजर सपत्नीक पाटावर, मागे सतरंजीवर कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार. यंदा चौथा अध्याय सुरू होतो आणि भोंगा वाजतो. गोदामाच्या दारातून करडा धूर येतोय. "तुमच्या धुपानं वाजला असंल, भटजी," कोल्हापूरचा फोरमन म्हणतो, "मागल्या साली बी वाजलाता." दुसरा म्हणतो, आज आगीची तालीम आहे, फळ्यावर लिहिलंय. असं म्हणत म्हणत सगळे फाटकाकडे चालू लागतात, यजमान सर्वांच्या पुढे. फाटकाशी कोणीतरी ओरडतं की एक हमाल दिसत नाही.

तुमच्या शिष्याने माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, कलशात बुडवलं, तोंडाला बांधलं. मी म्हटलं, "अरे, विसर्जन नाही झालं." तो म्हणाला, "तुझां उदक कामाक लागलां म्हणून सांग वरुणाक," आणि अनवाणी आत गेला. मी आसनावर बसून चौथा अध्याय पुरा केला. ऐकायला सतरंजी होती.

तो हमालाला पाठुंगळी घेऊन बाहेर आला. खाली टेकवल्यावर त्या माणसाने डोळे उघडले, समोर सोवळ्यातला भट पाहिला आणि आपण गेलोच असं समजून रडायला लागला. मग म्हणाला, दोन पाळ्या सलग केल्या होत्या, पोत्यांमागे डोळा लागला. ऑफिसने सांगितलं, तालीमच होती. वायरमनने दोष धुपाला दिला. हमालाचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल होते, पण ते जागरणानेही होतात. धुरावरून अग्नी कसा ओळखावा हे तुम्ही आम्हाला वर्षभर घोकायला लावलंत. इथे धूर सगळ्यांनी पाहिला, अग्नी कोणीच नाही.

तरी पार्से गावात त्याच्या घरी माणसं काजू घेऊन येतात, पाया पडतात. मी जाईन तिथे सांगतो की त्याने एका झोपलेल्या माणसाची झोपमोड केली. चांगलं रंगवून सांगतो. लोक पोटभर हसतात आणि मग विचारतात, "आनी तुमी खंय आशिल्ले?"

इब्रामपूरला तुमच्या ओसरीवर आम्ही संथा म्हणत होतो, तेव्हाची एक सकाळ तुम्हाला आठवते का? आत चुलीवर दूध उतू चाललं होतं, काकू विहिरीवर. तो उठला, मी उठलो नाही. "संथा टाकून उठतो तो वैदिक नव्हे, आचारी," असं तुम्ही त्याला झापलंत, आणि वाचलेलं दूध स्वतःच्या हाताने पेल्यात ओतून त्यालाच दिलंत. मला म्हणालात, "तुझे उच्चार शुद्ध आहेत." ते कौतुक होतं की काय होतं, हे विचारायचं राहिलं. त्या पेलाभर दुधाचा हेवा मला पन्नाशी उलटल्यावरही वाटतो, हे तुम्ही हयात असता तर लिहिलं नसतं.

तेव्हा मी कुठे होतो, याला लोकांना मी उत्तर देतो की पूजा अर्ध्यावर सोडू नये ही गुरूंची आज्ञा. तुमच्या नावावर खपवलेलं हे खोटं आहे. उठावंसं वाटलं होतं. पाय हलले नाहीत, आणि पोथी हातात होती म्हणून वाचत राहिलो. तालीम होती की खरं होतं, याने त्यात काही फरक पडत नाही. घरी आता आई आणि मी दोघंच असतो. ती नव्वदीला टेकली आहे. परवा न्हाणीघरात काहीतरी धाडकन पडलं. तांब्या असेल, असं अनुमान करून मी पेपर वाचत बसलो. तांब्याच होता. पण ते मी जाऊन पाहिलं नाही, गुरुजी. आईने बऱ्याच वेळाने बाहेर येऊन सांगितलं.