गंगामावशीची वाम

३ मार्च १९८३, नांदेड
लोह्याकडच्या तळ्यातल्या पाच वामी फॉर्मॅलिनमधून काढल्या. बोटभरच. तळं आटण्याआधीच्या शेवटच्या जाळ्यातल्या. गंगामावशी भोईणीने दिलेल्या. कूर्चा निळी, हाडं लाल, मांस काचेसारखं, असं करून लातूरच्या प्रदर्शनात ठेवायच्या. तेव्हा मावशी म्हणाली होती, "मेलेली मासळी रंगवून काय करून राहिलीस गं बाई?" दाखवीन म्हणाले.

९ मार्च
चूक माझीच. निळ्या रंगात आम्ल असतं. एका दिवसात बाहेर काढायला हवं. लातूरला बैठकीत अडकले. नवा जिल्हा, कचेरीत खुर्च्यांआधी पाट्या आल्यात. परतले तर चार वामींची हाडं विरघळलेली. चिमट्यात धरल्या, सुतळीसारख्या लोंबल्या.
पाचवी धुण्याच्या बरणीच्या तळाशी चिकटून राहिलेली. रंगात घालायलाच विसरले होते!

१४ मार्च
पाचवीचा निळा रंग वेळेत आटोपला. आता धुवायला शुद्ध पाणी नाही. टँकरच्या पाण्यात चुना. लाल रंग हाडांऐवजी त्यालाच धरेल. शुद्ध पाण्याच्या यंत्राला थंड करायला नळाची धार लागते, आणि नळ पाच दिवसांनी. प्रयोगशाळेतले अजीजमामा स्टुलावर चढून तेच दोन बादल्या पाणी वर ओतत बसले. खाली आलं की पुन्हा वर.
"म्याडम, इस पानी कू भी मेरे जैसा रिटायर नै होने दे रै तुम."
दिवसभरात एक बाटली. दोघं थेंब मोजत बसलो.

२ एप्रिल
पोटॅशमध्ये मांस निवळतंय. वामीतून पलीकडची खिडकी दिसते, लिंबाचं झाड हलतं.
लोह्याहून निरोप. मावशी लातूरला गेली, नव्या कचेरीच्या बांधकामावर. "बाईला सांगा, माझी वाम फेकू नका."

११ एप्रिल
कणा लाल, शेवटच्या मण्यापर्यंत. डोक्यात निळं, पुसट. वाम आता ग्लिसरीनच्या बरणीत. दुपारी डुलकी लागली. तळं भरलेलं, पण पाणी ग्लिसरीनचं. मावशी आतून चालत होती आणि तिचं जाळं कुठेच दिसेना.

१९ एप्रिल, लातूर
सकाळी बांधकामावर गेले. मुकादम म्हणाला, "गंगा लई हायत इथं. कोनती?"
"लोह्याची. मासे धरायची."
टोपलं घेतलेली एक बाई थांबली. "हाव, हाय एक. सुट्टी झाली की धाडते."
प्रदर्शनाच्या फाटकावरच्या शिपायाला सांगून ठेवलंय, मावशी आली की आत सोड. पाचला बंद. बरणी खिडकीत, उन्हात. तिथेच बसून लिहितेय. पावणेपाच. फाटकाबाहेर कुणीतरी उभं आहे, पाय चुन्याने पांढरे, पदर तोंडावर. रांगेत येत नाही. शिपाई हात करतोय. मी बरणी उचलून फाटकाकडेच निघाले.