गोवर आणि पांढरा चहा

तायमू डोंगर

आई, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, पोटभर जेवते. बाबांचा खोकला कसा आहे? माझ्या लेकीला, सुइनीला गोवर आल्याचं नावाड्याकडून कळलं. ताप उतरला का? डोळे उघडते का?

इथे कोवळ्या कळ्या खुडायचे दिवस आहेत. आपला पांढरा चहा ना भाजायचा, ना मळायचा. नुसता सुपांत पसरून उन्हावाऱ्यावर सुकवायचा. जास्त हात लागला की कळ्या काळ्या पडतात. काल मी नकळत त्या चिवडत बसले आणि अख्खं सूप वाया गेलं.

मालकीण चोंगकाकू ओरडल्या, “हात इथे अन् जीव घरी! जा पोरीकडे!”

“पण काकू, हंगाम?”

“कळ्या मी खुडेन गं. तिला आई कुठून आणू?”

त्यांनी मुरलेला जुना चहा बांधून दिलाय. तायमू देवीनं गोवराची पोरं याच चहावर वाचवली, असं तूच सांगायचीस ना? आजच्या नावेत मला जागा नाही, म्हणून चहा पुढे पाठवते. उकळून घोटघोट पाज.

मी पहाटे डोंगरवाटेनं चालत निघते. सुइनीला सांग, आई निघाली.

तुझी,
छुइफेन